सहा कोनांची खाच आणि चुकलेले पाच तास



आज धडा पुस्तकातला नाही, माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. आपल्या बऱ्याच शाळांत आता प्रयोगशाळेचं साहित्य आलंय, मुलांच्या सायकली आहेत, बाक आहेत. काही ढिलं झालं की आपणच पेचकस घेऊन बसतो. म्हणून म्हटलं, हा अनुभव तुमच्या कामी येईल.

मी धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात आठवी-नववीला गणित शिकवतो. जानेवारीचे दिवस होते. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी सकाळी साडेसातला जादा तास सुरू होते. एक मुलगी चार किलोमीटरवरच्या वस्तीवरून सायकलीने यायची. एक दिवस म्हणाली, "सर, हँडल फिरतंय." पाहिलं तर चाक सरळ आणि हँडल वाकडं. वरचा बोल्ट ढिला झाला होता, एवढंच. त्याला सहा कोनांची खाच. ज्याला आपण अ‍ॅलन की लावतो, ती.

आता गंमत बघा. त्याच्या महिनाभर आधी मी जळगावला बहिणीकडे गेलो होतो. तिथे रस्त्यावरच्या एका गाड्यावरून बिटांचा मोठा संच घेतला होता. पन्नासेक नग, चकचकीत डबी, किंमत दोन प्लेट शेवभाजीएवढी! एरंडोल, पारोळा करत धुळ्याला येईपर्यंत मी एसटीत ती डबी तीनदा उघडून पाहिली असेल. तीच डबी काढली, अंदाजाने एक बिट लावलं आणि जोर केला. 'कट्' असा आवाज आला. बोल्ट हलला नाही, खाचेचे कोपरे मात्र घासले. मग दुसरं बिट घेतलं. हे मापाचं होतं, पण ते स्वतःच पिळलं गेलं. आता खाच जवळजवळ गोल झाली.

मुलगी सायकल शाळेत ठेवून पायी घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला तर तिची आई म्हणाली, "एकली पोरले पायी कशी धाडू, सर? अंधारात निघणं पडस." यावर मी काय बोलणार? बोल्ट मीच खराब केला होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर सायकल टेम्पोत टाकली आणि धुळ्याला आग्रा रोडजवळच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी खाचेत बोट फिरवलं, माझ्या डबीकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तर मापं शिकवता ना?" मग टी-४० नंबरचं स्टार बिट त्या गोल खाचेत हातोडीने ठोकून बसवलं, पाना लावला आणि एका झटक्यात बोल्ट सुटला. तो बोल्ट त्यांनी बाजूला टाकला आणि नवा लावला. सगळं मिळून दहा मिनिटं.

चूक नेमकी कुठे झाली?

घरी येऊन ती दोन्ही बिटं पट्टीखाली धरली. पहिलं बिट इंचाच्या मापाचं होतं, ७/३२. म्हणजे ५.५६ मिलिमीटर. बोल्टची खाच होती ६ मिलिमीटरची. डोळ्याला फरक दिसत नाही. पण षटकोनाचं गणित करून पाहा. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर १.१५५ ने गुणलं की समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर मिळतं. खाचेचं येतं ६.९३ आणि बिटचं ६.४२. म्हणजे बिटचा कोपरा खाचेच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. तो तिरका होऊन भिंतीला फक्त धारेने टेकतो. सगळा जोर त्या बारीक रेषेवर येतो आणि लोखंड खरवडलं जातं.

दुसरं बिट मापाला बरोबर होतं, पण पोलाद मऊ होतं. म्हणजे माप आणि धातू, दोन्हीकडे लक्ष हवं.

स्टारची खाच वेगळी असते. विल्यम अ‍ॅलन यांना षटकोनी खाचेच्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत १९१० साली मिळालं. सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच आली १९६७ मध्ये, कॅमकार टेक्स्ट्रॉन कंपनीकडून. षटकोनात जोर तिरका लागतो, त्यातला बराचसा खाचेला बाहेर फाकवण्यात जातो. पाकळ्यांच्या खाचेत तो बराचसा फिरवण्यालाच लागतो, म्हणून खाच लवकर गोल होत नाही. गिअरच्या सायकलींच्या डिस्क ब्रेकची चकती बहुतेक टी-२५ स्टारनेच बसवलेली असते, ती मुलांना दाखवा.

बिट घेताना मी आता काय पाहतो

१. मोठा संच घेत नाही. षटकोनी ३, ४, ५, ६ मिलिमीटर आणि स्टार टी-१०, १५, २०, २५ एवढ्यावर शाळेचं बहुतेक काम भागतं. दंडगोल डोक्याच्या अ‍ॅलन बोल्टला एम-४ साठी ३, एम-५ साठी ४, एम-६ साठी ५ आणि एम-८ साठी ६ लागतं. हे कागदावर लिहून पेटीत चिकटवा.

२. इंच आणि मिलिमीटरची बिटं वेगळ्या डबीत ठेवतो.

३. दुकानात जाताना खिशात नवा बोल्ट नेतो. बिट त्यात सरळ बसलं पाहिजे, डुगडुगायला नको.

४. कोपरे नखाने तपासतो. कडा स्वच्छ हव्यात, टोक सपाट हवं. जाड चकचकीत मुलामा असेल तर मी सावध होतो.

५. बिटवर माप आणि पोलादाचा प्रकार कोरलेला असावा. धक्के सोसायला एस-टू पोलाद चांगलं, क्रोम-व्हॅनेडियमही साध्या कामाला चालतं. पण नुसत्या अक्षरांवर विश्वास नको. एक नग विकत घ्या आणि घरी कानशीने घासून पाहा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, सहज चरा पडला तर बाकीचे नग घेऊ नका.

आणि वापरताना आधी खाचेतली माती काढा, बिट पूर्ण आत दाबा, सरळ धरा. अडकलेला बोल्ट पहिल्यांदा हातानेच सोडवा, मशीन लावू नका.

सोमवारी ती मुलगी पुन्हा सायकलीवर आली. तिचे पाच जादा तास बुडाले होते. ते मी मधल्या सुट्टीत भरून काढले, तरी ती मैत्रिणींच्या बरोबरीला यायला पंधरा दिवस लागले. आठवीच्या वर्गात षटकोन शिकवताना आता मी तो खराब बोल्ट टेबलावर ठेवतो. मुलं विचारतात, "सर, हा कोणी बिघडवला?" मी खरं ते सांगतो.

पालकहो, आज संध्याकाळी मुलासोबत त्याच्या सायकलीचे बोल्ट एकदा पाहून घ्या. ढिला असेल तर घट्ट करा, पण त्याआधी माप त्यालाच मोजायला लावा.