बिनखड्याची अंगठी
अंगठी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी हिरा येतो आणि मग त्याची किंमत! ज्यू लग्नात मात्र परंपरेने वधूला साधी, बिनखड्याची अंगठी घालतात. कारण वाचून मी थक्कच झाले. खड्याची किंमत सगळ्यांना कळत नाही. वधूचा अंदाज चुकला तर ती फसवणूक ठरेल ना! म्हणून नुसता धातू, ज्याचं मोल तिला सहज कळावं. अंगठी वराच्या स्वतःच्या मालकीची हवी, आणि दोन साक्षीदारांसमोर ती वधूच्या उजव्या तर्जनीत घालायची. धर्मशास्त्राप्रमाणे ती एका 'पेरुता'ची, म्हणजे जुन्या काळच्या सर्वांत लहान तांब्याच्या नाण्याच्या मोलाची असली तरी चालते.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू स्त्रियांनी तर मंगळसूत्रही आपलंसं केलं. म्हणजे दागिना इथेही नात्याची खूण, श्रीमंतीची नव्हे.

आमच्याकडे मात्र मुलीचं लग्न निघालं की पहिला प्रश्न, 'किती तोळे?' मी वीस वर्षांची झालेय, त्यामुळे घरी अधूनमधून विषय निघतोच. मला विचाराल तर तोळे राहू देत. समोरच्याने माझ्यापासून काही लपवलेलं नसावं, आणि मीही त्याच्यापासून. बस्स, एवढंच!