कच्चं लिंबू : मोठेपणी मैत्री कशी होते?



'माझा मित्र' हा निबंध आपण सगळ्यांनीच मुलांकडून कितीदा तरी लिहून घेतला असेल. मीही गेल्या मार्चमध्ये चौथीला तो दिला. मुलं लिहीत होती, मी वह्यांवर सह्या करत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, तुमची मैत्रीण कोण हाय?"

मी पटकन माझ्या डी.एड.च्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. ती साताऱ्याला असते.

"जालन्यातली कोण?"

"आधी निबंध पूर्ण कर," असं म्हणून मी वेळ मारून नेली. खरं सांगते, त्या साताऱ्याच्या मैत्रिणीशीही माझं शेवटचं बोलणं दिवाळीत झालं होतं.

मी मूळची सातारकडची. पती-पत्नी एकत्रीकरणातून बदली घेऊन जालना जिल्ह्यात आले. घर जालना शहरात आणि शाळा अंबड तालुक्यात, म्हणजे रोजचं अप-डाऊन. सुरुवातीला इथल्या 'काहून' आणि 'हाव'नं गोंधळायला व्हायचं. माझं 'न्हाई का वं' ऐकून इथली माणसं हसायची. भाषेला मी सहा महिन्यांत सरावले, पण माणसांना सरावायला वेळ लागला.

जालना हे मोठं गमतीचं गाव आहे. कुंडलिकेच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. 1981 साली जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि अलीकडे महानगरपालिकाही आली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 2 लाख 85 हजारांच्या आसपास होती. एवढ्या गावात सगळे सगळ्यांना ओळखत नाहीत. पण इथल्या माणसांचे गोतावळे पिढ्यान्‌पिढ्यांचे, त्यामुळे त्यांना नव्या माणसाची गरजही भासत नाही. खेड्यात पहिल्याच दिवशी चार जणी "कुठल्या तुम्ही?" म्हणून विचारतात. पुण्या-मुंबईत बहुतेक जण बाहेरचेच. मधल्या आकाराच्या शहरात मात्र बाहेरचा माणूस मधेच लटकतो. पुरुषांचं थोडं बरं असतं. आमचे 'हे' बँकेत, त्यांना चहाची टपरी सापडली आणि महिन्याभरात पाच-सहा जणांचा अड्डा जमला. बाईनं टपरीवर कुठं उभं राहायचं?

संक्रांतीला मी हौसेनं हळदीकुंकू केलं. वीस-बावीस जणी आल्या. वाण घेतलं, तिळगूळ घेतला, "छान झालं हो मॅडम" म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या. रात्री उरलेल्या वाणाच्या डब्या मोजताना मला रडूच आलं.

आणि ती आमची गाडी! आम्ही सहा शिक्षक रोज एकाच गाडीतून जातो-येतो, दोन्ही वेळचा मिळून दीड तास. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी 2018 साली एक हिशेब मांडला होता. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, खरी मैत्री व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. ते वाचून मी गाडीतले तास मोजले. एका शैक्षणिक वर्षात सहज तीनशे होतात! म्हणजे एव्हाना आम्ही सहा जण जिवलग व्हायला हवे होतो. पण गाडीत विषय काय, तर यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, महागाई भत्ता. हॉल यांच्याच अभ्यासात पुढं असंही दिसलं की कामाच्या निमित्तानं घालवलेला वेळ मैत्रीच्या खात्यात फारसा जमा होत नाही. सोबत नुसतं वेळ काढणं, हसणं-खिदळणं, तेच मोजलं जातं.

आता त्या निबंधाच्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या शाळेतली बरीच कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. तशीच एक मुलगी पाच महिन्यांनी वर्गात आली. मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळत होत्या. ती कडुनिंबाखाली दोन मिनिटं उभी राहिली. मग सरळ पुढं जाऊन म्हणाली, "मला घेता का?"

मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. एक म्हणाली, "ये, पण कच्चं लिंबू."

संपलं! पुढच्या सुट्टीत ती पक्की खेळाडू झालेली होती.

मी व्हरांड्यात उभी राहून हे बघत होते. आपण मोठी माणसं "मला घेता का?" असं कधी विचारतो का हो? आपल्याला वाटतं, कुणीतरी येऊन बोलवावं. आणि कच्चं लिंबू व्हायची तर आपल्याला लाजच वाटते. मला तर सगळीकडं पहिल्याच डावात पक्की गडी म्हणून मान हवा होता.

तरी एक बाई माझ्याशी रोज बोलत होती, आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेजारच्या ताई. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा मी नेमकी शाळेत असते. पहिल्या महिन्यापासून ताईच भिंतीवरून पाइप टाकून आमची टाकी भरत आल्या. "मॅडम, पाणी भरलं बरं का," एवढंच सांगायच्या. "चहा घ्या की" म्हणायच्या. मी म्हणायची, "आज नको ताई, वह्या तपासायच्यात." आठ महिने माझं हेच उत्तर.

एप्रिलमध्ये एकदा घरी आले तर टाकी कोरडी. पाणी येऊन गेलं होतं. खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं सांगितलं, "ताईच्या मालकाला संभाजीनगरला दवाखान्यात नेलंय, चार दिवस झाले."

चार दिवस! मधे एक भिंत. त्यांना फोन करावा म्हणून मोबाइल काढला, तर नंबरच नव्हता माझ्याकडं. मोबाइलमध्ये चारशेवर नावं, दोन जिल्ह्यांतले केंद्रप्रमुख, गॅसवाला, तीन पाणी टँकरवाले. ताईंचा नंबर नाही.

रविवारी सकाळच्या रेल्वेनं डबा घेऊन गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ताई बसल्या होत्या. मला बघून पहिलं काय म्हणाल्या असतील? "मॅडम, तुमचं पाणी राहिलं हो त्या दिवशी."

मला काही बोलताच आलं नाही. तास-दीड तास आम्ही बाकावर बसलो. त्यांनी डबा खाल्ला, मी तांब्या भरून आणला. त्यांच्या माहेरची मोसंबीची बाग, दुष्काळात वाळलेली झाडं, मुलाची परीक्षा, असं काहीबाही बोलणं झालं.

पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा मी अर्धी रजा टाकून दोन्ही टाक्या भरल्या. पाइप धरताना साडी पार भिजली. ताईंचे मालक बरे होऊन घरी आले, आणि दहा-बारा दिवसांनी एका संध्याकाळी ताई चपला घालताना दिसल्या. त्या मोती बागेकडं फिरायला जातात हे मला आठ महिने माहीत होतं.

मी फाटकापाशी जाऊन म्हटलं, "ताई, मला घेता का?"

"चला की," त्या म्हणाल्या, "पण मी लई झपझप चालते, बरं का."

खरंच फार झपझप चालतात. पहिल्या दिवशी तर मला धाप लागली, तलावाजवळच्या कट्ट्यावर दोनदा बसावं लागलं. त्या कंबरेवर हात ठेवून हसत उभ्या होत्या. मला अजूनही त्या 'मॅडम'च म्हणतात. वह्या मात्र आता मी रात्री जेवण झाल्यावर तपासते.