ओर्चा खोऱ्यातून दोन पत्रे

ला फोचे, तोस्काना
जून

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. उतरलो आहोत ते घर पूर्वी इथल्या वाटेकरी कुटुंबाचे होते. आता त्याचे भाग पाडून पाहुण्यांना सुट्टीपुरते भाड्याने देतात. आम्हाला तळमजला मिळाला, म्हणजे जुना गोठा. विटांच्या कमानींखाली बैल बांधत, तिथे आता जेवणाचे टेबल आहे. माणसे माडीवर राहत. हिवाळ्यात बैलांची ऊब त्यांना वर मिळे.

मालकांचा वाडा टेकडीवर आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सिएनाच्या सांता मारिया देल्ला स्काला इस्पितळाने रोमच्या यात्रेकरूंसाठी ती धर्मशाळा बांधली. १९२४ मध्ये आयरिस आणि अंतोनियो ओरिगो या नवविवाहित जोडप्याने ही सारी मिळकत विकत घेतली. तेव्हा इथे उघडी चिकणमाती होती आणि ओघळींनी फाटलेल्या टेकड्या. त्यांनी जमीन सुधारली, रस्ते काढले, शाळा आणि दवाखाना सुरू केला. सेसिल पिन्सेंट या इंग्रज वास्तुकाराने बाग आखली. समोरच्या चढणीवर सायप्रसच्या झाडांचा नागमोडी रस्ता आहे, त्यामागे आमियाता डोंगर. जगभर छायाचित्रांतून पोचलेला हा देखावा कष्टाने उभा राहिला आहे.

कष्ट कुणाचे, ते तुम्हाला लगेच कळेल. शेती अर्धेलीची होती. घर आणि जमीन मालकाची, राबणे सगळ्या कुटुंबाचे, पीक निम्मे-निम्मे.

तुमची लेक

ला फोचे

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

आज मोंतेपुल्चानोला जाऊन आलो. जून १९४४ मध्ये जर्मन सैन्याने वाडा रिकामा करायला लावला, तेव्हा ओरिगो दांपत्य आश्रयाला आलेल्या मुलांना घेऊन तोफांच्या माऱ्यात याच गावी चालत गेले. गावकऱ्यांनी सगळ्यांना घरात घेतले. आयरिसची त्या काळातली रोजनिशी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. कैदेतून निसटलेल्या परक्या सैनिकांना इथल्या शेतकऱ्यांनी कसे जेवू घातले, लपवले, हे तीत आहे. ते अन्न त्यांच्या निम्म्या वाट्यातले होते. मला सगळ्यांत मोठे वाटते ते हेच.

१९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. तोवर तरुण माणसे कारखान्यांच्या गावी निघाली होती. तोस्कानाभर अशी घरे ओस पडली. १९८५ मध्ये शेतावर पाहुणे ठेवण्याला कायद्याची चौकट मिळाली आणि घरांत पुन्हा चूल पेटली. ती पडली नाहीत याचा मला मनापासून आनंद आहे. पण जिन्याशी एक पाटी हवी, इथे राबलेल्या कुटुंबांच्या नावांची.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली, म्हणून आजोबांचे नाव सातबाऱ्यावर लागले. त्याआधीच्या खंडाच्या पावत्या तुमच्या ट्रंकेत आहेत. या दिवाळीत त्या लावून घेऊ. कोणत्या साली किती भात घातले, शेतावर कोण कोण होते, तुम्ही सांगा, मी लिहून घेईन. आजीचे नाव पहिले लिहायचे. लावणी तिने केली, पावत्यांवर मात्र ती कुठेच नाही.

तुमची लेक