वीतभर अंतर

किनवटच्या आमच्या वडिलार्जित घराचे अंगण मूळचे ऐसपैस. बैलगाडी आत येऊन सुखाने वळत असे. वाटणी झाली तेव्हा मधोमध विटांची भिंत आली आणि अंगणाचे दोन बोळ झाले. एक दादाचा, एक आमचा. आमच्या बोळात आम्ही वर्षातून दोनदा येतो, कुलूप उघडतो, केर काढतो आणि कुलूप लावून नोकरीच्या गावी परततो. दादाच्या बोळात पत्र्याखाली गेली काही वर्षे एक जीप उभी राहते आहे. 'उभी आहे' असे नव्हे. 'उभी राहते आहे'.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चालती गाडी घडवली आणि आनंद महिंद्र यांनी २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, ही बातमी दादाने कापून ठेवली होती. बोलेरोचा मोह त्याला नव्हता, घडवण्याचा होता. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या जीपांचे सुटे भाग जुळवून नव्या गाड्या उभ्या करतात, हेही त्याने ऐकले होते. आपल्याकडची जीपच मुळात सुट्या भागांनिशी परदेशातून आली आणि मुंबईत जोडली गेली, हा त्याचा आवडता दाखला. सांगाडा एकीकडचा, बॉडी दुसरीकडची. गाडी शेताच्या बांधापलीकडे न्यायची नाही, एवढी अट त्याने स्वतःच घातली होती.

समोरची काच मात्र आम्ही आणायची ठरले. दादाने कागदी साचा पाठवला, तो आम्ही नांदेडला दिला आणि कापून मिळालेली काच गोधडीत गुंडाळून रेल्वेने किनवटला नेली. गाडी चाकांविना विटांवर होती, त्यामुळे बाहेर ढकलता येत नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा. तेव्हा काच आमच्या बोळातून भिंतीवरून द्यावी असे ठरले. भिंतीचा माथा आणि पत्रे यांमध्ये फूटभर फट होती. काच उभी धरून न्यायची असते. आम्ही ती आडवी सरकवली. कड विटेवर अडली. दादा पलीकडून "थांब" म्हणाला आणि आम्ही नेमके तेव्हाच रेटले.

काच तडकली, पण विखुरली नाही. दोन काचांच्या मध्ये एक पारदर्शक पडदा असतो, तो तुकडे धरून ठेवतो. एदुआर बेनेदिक्त्यूस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून पडलेला चंबू आतल्या सुकलेल्या लेपामुळे फुटूनही अखंड राहिला. त्यातून त्याला ही युक्ती सुचली आणि १९०९ साली त्याने तिचे पेटंट घेतले. ही माहिती आम्ही तिथल्या तिथे दादाला ऐकवली. दादा काही बोलला नाही. वाटणीच्या दिवशीही तो असाच गप्प होता.

दुसऱ्या काचेच्या वेळी त्याने आम्हांला काही विचारले नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा भिंतीचे वरचे चार थर उतरवून विटा कडेला रचलेल्या होत्या. काच उभी गेली. थंडीने ताठरलेले रबर आधी कोमट पाण्यात टाकले, मग काचेभोवती चढवले. रबराच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी सभोवार बसवली, तिची टोके खाली मध्यभागी आणली आणि सगळीकडे साबणाचे पाणी लावले. इंजिन अजून बसवलेले नव्हते, म्हणून त्या रिकाम्या खड्ड्यात आम्ही उभे राहिलो. पाठ स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेली. दादा गाडीत बसला. तो आतून दोरी ओढी, तसतशी रबराची ओठाळ चौकटीच्या कडेवर चढे; जिथे दोरी पोहोचली असेल तिथेच आम्ही बाहेरून तळव्याने थापायचे. पुढे थापले तर रबर मुडपते, मागे राहिले तर दोरी नुसतीच निसटून येते. साबणाच्या फेसाने काच धूसर झालेली. दादाचे हात आम्हांला दिसत नव्हते. त्याचा आवाज तेवढा येत होता : "आता कोपरा... थोडं वर... थांब."

या वेळी आम्ही थांबलो.

एडवर्ड बुलो यांनी १९१२ साली मांडलेली मानसिक अंतराची कल्पना आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकवली. कलाकृती नीट दिसायची तर मागे सरायला हवे, हे आम्ही इतक्या वेळा सांगितले की घराबाबतही तेच खरे वाटू लागले. दूर आहोत म्हणून आपल्याला वाटणीतला न्याय-अन्याय नीट दिसतो, असा आमचा समज होता. बुलोंनी अंतर फार वाढण्याचा धोकाही सांगितला होता. ते पान आम्ही भराभर उलटत असू. त्या बोळात मागे सरायला जागाच नव्हती, आणि जे करायचे होते ते पाहून करता येण्याजोगेही नव्हते. पलीकडच्या माणसाच्या शब्दावर हात थांबवता येणे, एवढेच तिथे लागत होते.

दोरीचे शेवटचे टोक सुटून आत आले. दादाने आतून काच पुसली आणि प्रथमच समोरासमोर दिसला. केस आमच्या समजुतीपेक्षा बरेच पांढरे. हात धुऊन आम्ही विटांकडे वळलो, थर परत रचून द्यावेत म्हणून.

"राहू दे," दादा म्हणाला. "चाकं बसली की गाडी काढायलाबी वाट लागंल."