पाईन, पाईन, पाईन? छे!

हिमाचलला जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राचे फोटो बघा. मागे उंच, टोकदार, हिरवी झाडं आणि खाली कॅप्शन एकच, 'पाईन्स!' शिमल्यात पाईन, मनालीत पाईन, नारकंड्यातही पाईन. यात आपला फारसा दोष नाही म्हणा. सुयांसारख्या पानांचं आपल्या ओळखीचं झाड एकच, अलिबाग-दिवेआगरच्या किनाऱ्यावरचा सुरू. आणि गंमत म्हणजे तो सूचिपर्णी नाहीच! सुरूला फुलं येतात. बारीक, पटकन न दिसणारी, पण येतात. खऱ्या सूचिपर्णींचा फंडा वेगळा. त्यांना फूल नाही की खरं फळ नाही. बी उघडंच, बहुतेकांत शंकूच्या खवल्यांवर टेकलेलं. म्हणून शास्त्रात त्यांना अनावृतबीजी म्हणतात. फुलांची झाडं पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी इथे ठाण मांडून आहेत.

तर ऑक्टोबरमध्ये आठ दिवसांची रजा मंजूर झाली आणि मी नि माझी रूममेट निघालो. रस्ता एकच धरायचा, काल्का ते किन्नौर. मॉल रोडवरची खरेदी कमी, झाडं जास्त. हा रस्ता म्हणजे जिनाच आहे. जसजसं वर चढाल तसतशी झाडं बदलतात.

तळमजल्यावर चीड

काल्का साधारण साडेसहाशे मीटरवर. १९०३ साली सुरू झालेली, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेली छोटी गाडी इथून ९६ किलोमीटर चढत शिमल्याला जाते. सोलनच्या आसपास खिडकीतून दिसतो तो चीड. सुया लांबलचक, लोंबत्या, आणि एकेका झुपक्यात तीन. खाली पडलेली सुई उचलून मोजून बघा, जाम मजा येते. याच्या खोडाला खाचा पाडून चीक काढतात. त्यापासून टर्पेंटाइन आणि राळ बनते. उन्हाळ्यात मात्र हाच चीड डोकेदुखी होतो. वाळलेल्या सुयांचा जाड गालिचा पसरतो आणि एक ठिणगी पडली की डोंगर पेटतो.

शिमला जवळ आलं की चीड मागे पडतो आणि देवदार सुरू होतो. आखूड सुयांचे गुच्छ, आडव्या पसरलेल्या फांद्या, त्यावर पिंपासारखे उभे शंकू. हिमाचलचा हा राज्यवृक्ष. लाकूड इतकं टिकाऊ की इंग्रजांनी रेल्वेच्या स्लीपर्ससाठी देवदारांची जंगलंच्या जंगलं तोडली. स्थानिकांनी मात्र त्याच लाकडाचा आणि दगडाचा एकाआड एक थर रचून घरं नि देवळं बांधली. या पद्धतीला काठकुणी म्हणतात. पुढे सराहनला थांबलात तर भीमाकाली मंदिरात ती बघायला मिळेल. भूकंपात अशा भिंती हलतात, पण सहसा कोसळत नाहीत.

नंदुरबारचे वाणी आणि रखाल

नारकंडा २७०० मीटरवर. तिथून हाटू शिखराकडे चालत गेलात तर दोन तासांत चार नवी झाडं भेटतात. पाच-पाच सुयांचा, लांब केळीएवढ्या शंकूंचा कैल. मग राई आणि तोश. लांबून दोघं जुळे भाऊ वाटतात, पण ट्रिक सोपी आहे. राईची सुई बोटांत फिरवली तर गोल गोल फिरते, कारण ती चौकोनी असते. तोशची चपटी, ती फिरत नाही. राईचे शंकू खाली लोंबतात, तोशचे मेणबत्त्यांसारखे वर उभे.

चौथं झाड त्यांच्या सावलीत, बुटकं. इथे त्याला रखाल म्हणतात. बियांभोवती लालभडक मांसल पेला, त्यामुळे फळच वाटतं. अमेरिकेतल्या याच्याच चुलतभावाच्या सालीत टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध सापडलं. मनरो वॉल यांच्याबरोबर ते शोधणारे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले! १९७१ मध्ये त्यांनी त्याची रचना जाहीर केली, १९९२ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. हे वाचून अभिमान वाटतो. पण औषधाची मागणी वाढली तशी हिमालयातल्या रखालच्या साली-पानांची ओरबाड झाली. आता हे औषध इतर मार्गांनीही बनतं, तरी रखाल आययूसीएनच्या यादीत 'धोक्यात' या वर्गात आहे. हळू वाढणारं झाड. एकदा गेलं की भरून यायला पिढ्या लागतात.

काजू-बदामाच्या वरचा मेवा

नारकंड्यानंतर रस्ता सतलजकडे उतरतो आणि मग पुन्हा चढत किन्नौरमध्ये शिरतो. इथे पाऊस कमी. डोंगर करडे, उघडे, आणि त्यांच्या खडकांत चिकटून उभा चिलगोजा. साल पोपडे सुटून करडी-हिरवी ठिपकेदार झालेली, अगदी लष्करी गणवेशासारखी. सुया तीन, पण चीडसारख्या लांब नाहीत, आखूड आणि ताठ. भारतात हे झाड नैसर्गिकरीत्या वायव्य हिमालयातच उगवतं आणि त्यातही किन्नौर हे त्याचं माहेरघर.

आपल्याकडे ड्रायफ्रूटच्या दुकानात काजू-बदामाच्या कितीतरी पट भावाने मिळणारा चिलगोजा तो हाच. आम्ही कल्प्याला ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकींनी संध्याकाळी चुलीजवळ बसून मूठभर भाजलेले दाणे पुढे केले. सोलायला वेळ लागतो, खायला क्षणही नाही! त्या सांगत होत्या, सफरचंद आणि चिलगोजा यांवरच घर चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुरुष झाडावर चढतात, आकडी लावलेल्या काठीने शंकू ओढतात. कधी अख्खी फांदीच मोडून येते. शंकू पिकायला दोन हंगाम लागतात, म्हणजे त्या फांदीबरोबर पुढच्या वर्षीचे कोवळे शंकूही गेले.

दुसऱ्या दिवशी रोघीच्या वाटेवर रूममेट एकदम थांबली. म्हणाली, "अगं, इथे सगळी आजोबा झाडंच आहेत. नातवंडं कुठेयत?" आम्ही तासभर शोधलं. गुडघ्याएवढी रोपटी दोनच सापडली. बी हेच पीक असेल आणि जवळजवळ सगळं बी बाजारात जात असेल, तर नवं झाड येणार कुठून? आणि गावकऱ्यांना सांगायचं काय? गोळा करण्याचा हक्क त्यांचा, कमाई त्यांची, आणि मागणी आपली. काकींनी त्यावर एवढंच म्हटलं की काही शंकू झाडावर सोडायला हवेत, पण सगळ्यांनी सोडले तर. मला यापेक्षा शहाणं उत्तर सुचलेलं नाही.

आणि त्याही वर

किन्नौरच्या वरच्या गावांत आणि पुढे लाहौल-स्पितीत जुनिपर आहे. त्याला शुकपा म्हणतात आणि गोंपांमध्ये धुपासारखा जाळतात. जुनिपरचं संस्कृत नाव हपुषा. गोव्यात बनणाऱ्या 'हापुसा' जिनचं नाव त्यावरूनच आलंय, आपल्या आंब्याचा काही संबंध नाही! स्पितीत झाडं जवळपास संपतात. तिथे जमिनीलगत केरसुणीच्या काड्यांसारखं एफेड्राचं झुडूप दिसतं. पानं जवळजवळ नाहीतच, पण तेही अनावृतबीजीच.

जायचंय?

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बेस्ट. शिमल्याहून रिकाँग पिओला सरकारी बस जाते, दहा तास तरी धरा, आणि दरडींमुळे एखादा दिवस हाताशी जादा ठेवा. पिओहून कल्पा अर्ध्या-पाऊण तासावर. सुया मोजायला भिंग लागत नाही, दोन बोटं पुरतात. चिलगोजा घ्यायचा तर थेट गावकऱ्यांकडून घ्या आणि यंदा झाडावर किती शंकू ठेवले तेही विचारा. रोघीच्या वाटेवर पायाखाली बघून चाला. ती दोन रोपटी रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला आहेत.