वसुलीचा प्रवास

इचलकरंजीचे सूतव्यापारी अण्णा १६ जुलै २०२४ रोजी ढाक्यास पोहोचले. नारायणगंजच्या टानबाजारातील एका पेढीकडे जुनी बाकी अडकली होती आणि ती प्रत्यक्ष भेटीवाचून सुटणार नव्हती. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणावरून तेथील विद्यार्थी रस्त्यावर उतरल्याचे त्यांनी वाचले होते. परंतु मोर्चे आपल्याकडेही निघतात, म्हणून मनावर घेतले नाही. त्याच दिवशी आंदोलनात पहिले बळी गेले.

१८ तारखेला भारतीय उच्चायुक्तालयाने प्रवास टाळण्याची व कमीत कमी बाहेर पडण्याची सूचना काढली. त्याच दिवशी रामपुऱ्यातील सरकारी दूरचित्रवाणी केंद्र पेटले आणि रात्री देशभरचे इंटरनेट बंद झाले. १९च्या मध्यरात्री संचारबंदी लागू होऊन लष्कर आले.

घरी थोरला मुलगा फोन लावून थकला. वडील कोणत्या हॉटेलात उतरले आहेत, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पत्ता, तिकीट, पारपत्राची प्रत, सारे अण्णांच्याच मोबाइलमध्ये! चाळीस वर्षे दमडीचाही हिशेब कागदावर ठेवणाऱ्या घरात ही नोंद तेवढी राहिली होती.

आषाढातील अष्टाह्निक पर्व चालू होते. २० तारखेस पहाटे अण्णांनी देशव्रत घेतले: उद्याच्या सूर्योदयापर्यंत हॉटेलच्या फाटकाबाहेर पाऊल नाही. खरे तर बाहेर जाण्यासारखे होतेच काय? पण दुपारी संचारबंदी दोन तास शिथिल झाली आणि एक गाडीवाला येऊन म्हणाला, “शेठ, नारायणगंजला नेऊन परत आणतो.” अण्णांनी पिशवी उचलली, फाटकापर्यंत गेले, तेथे बराच वेळ उभे राहिले आणि माघारी फिरले. व्रताने जीव वाचला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो गाडीवाला संध्याकाळी सुखरूप दिसला. पण वसुलीचा मोह किती दूर नेऊ शकतो, हे अण्णांना त्या फाटकाशी उमगले. सूर्यास्तापूर्वी त्यांनी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या साध्या दूरध्वनीवरून मिनिटभर घर लागले.

“आधी हॉटेलचे नाव लिहून घे,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, तुम्ही कसे आहात ते आधी सांगा!”

“लिही म्हणतो ना.”

२३ तारखेला इंटरनेट अंशतः सुरू झाले; नंतर मिळेल त्या विमानाने ते कोलकात्यास आले.

आता परदेशी जाणारा प्रत्येक जण गादीजवळच्या वहीत मुक्कामाचा पत्ता, तेथील दूरध्वनी आणि उच्चायुक्तालयाचा क्रमांक स्वहस्ते लिहितो. तेथील चलनाची चार दिवस पुरेल इतकी रोकड वेगळी बांधून नेतो. परतीची तारीख बदलता येणार नाही असे स्वस्त तिकीट काढायचे नाही, हेही ठरले. त्यावर धाकट्याने कुरकुर केली.

जुलैअखेर वातावरण निवळल्यासारखे वाटले, तेव्हा थोरला म्हणाला, “मी जाऊन येतो.” अण्णांनी साफ नकार दिला. ५ ऑगस्टला तेथील सरकार कोसळले आणि ढाक्याचा विमानतळ काही तास बंद राहिला.

टानबाजारची बाकी दिवाळीच्या वहीपूजनालाही तशीच उभी होती.