उधारीचे गुण

दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने घरच्या माणसाने मागितलेला अभिप्राय देताना कचरण्याचे कारण नाही, असे कोणीही म्हणेल. मीही तसेच म्हणत असे. परंतु गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने कागदांचे एक बाड माझ्यापुढे ठेवले, आणि लेखापरीक्षणात मुरलेली माझी लेखणी पहिल्याच पानावर अडखळली.

माझी सध्याची नेमणूक बंगळूरला आहे. भाचाही याच शहरात असतो. चांगली नोकरी सोडून त्याने दोन मित्रांसह एक ‘स्टार्टअप’ काढले आहे, आणि त्यांचे क्रेडिट कार्ड लवकरच बाजारात यावयाचे आहे. कार्ड अर्थातच एका बँकेचे. नाव, रंगरूप आणि गिऱ्हाइके गोळा करण्याची खटपट यांची. “मामा, तुम्ही ऑडिटवाले. गिऱ्हाईक म्हणून वाचा आणि खटकेल ते लिहून द्या,” असे तो म्हणाला. ताईने आपल्या निवृत्तीच्या पैशातील काही भाग या धंद्यात घातला आहे, हे त्याने सांगितले नाही. ते मला ठाऊक होते.

कार्डाचे आकर्षण म्हणजे त्यावरचे गुण. शंभर रुपयांच्या खरेदीला दोन गुण, आणि गुणाची किंमत पंचवीस पैसे. मी जुन्या सवयीने कागद ओढला. महिना तीस हजारांचा खर्च धरला तर वर्षाचे तीन लाख साठ हजार होतात. त्यावर गुणांचे अठराशे रुपये. वार्षिक शुल्क ९९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वजा जाता हाती उरतात सहाशे एकवीस. घरभाडे, पेट्रोल व विमा यांवर गुण नाहीत, ही गोष्ट नवव्या पानावर होती. आता समजा, एका महिन्याचे बिल भरावयाचे राहिले. साडेतीन टक्के मासिक दराने तीस हजारांवर व्याज एक हजार पन्नास. करासह बाराशे एकोणचाळीस. म्हणजे गुणांतून वर्षअखेर हाती उरणाऱ्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट रक्कम एका महिन्याच्या विसराळूपणात गेली!

फुकट काहीच मिळत नाही, हे आपण लहानपणीच शिकतो. प्रश्न असतो तो पैसे कोण भरतो याचा. काही वाटा दुकानदार भरतो, कारण कार्डाने विक्री झाली की त्याच्या रकमेतून बँक शेकड्यामागे थोडेसे कापून घेते. उरलेला भार, बिल पुरते न भरणारे गिऱ्हाईक व्याजाच्या रूपाने उचलते. शिस्तीच्या माणसाला मिळणाऱ्या बक्षिसात गांजलेल्या माणसाचाही पैसा असतो.

हे नेहमीच असे नव्हते. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये निघालेले डायनर्स क्लबचे पहिले कार्ड पुठ्ठ्याचे होते, आणि त्याचे बिल पूर्ण चुकते करावे लागे. थकबाकी पुढे ओढण्याची सोय घेऊन १९५८ साली कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात एका बँकेने साठ हजार लोकांना न मागता कार्डे टपालाने धाडली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने असे न मागता कार्ड देण्यास मनाई केली आहे. इतकेच नव्हे, तर केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज किती लांबते याचा इशारा बिलावर छापावा, असेही २०२२ च्या निर्देशांत आहे. भाच्याच्या कागदांत तो इशारा होता, पण मुंगीच्या अक्षरांत. वर मात्र ‘किमान रक्कम भरा’ असे ठळक हिरवे बटण होते.

त्या बटणापाशीच माझी लेखणी थांबली होती.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवणाऱ्यांना उधारी नवी नाही. प्रत्येक नव्या गावी वाण्याकडे आपली वही उघडे. पण बदलीचा हुकूम आला की सामान बांधण्याआधी ती वही चुकती करावी लागे. न केली तर वाणी दारात येऊन उभा राही. बदली हीच आपली वसुली होती. कार्डाला मात्र बदली नाही. ते खिशात बसून आपल्याबरोबर गावोगाव हिंडते, आणि दारात कोणी उभे राहत नाही.

शिलाँगहून इकडे येताना माझेच असे झाले. सामानाची वाहतूक, नव्या घराची अनामत, मुलीचा शाळाप्रवेश. कार्डाचे बिल फुगले. मी असेच एक ठळक बटण दाबले, आणि पुढचे चार महिने दाबत राहिलो. मागील बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे पाचव्या महिन्यात कळले. लोकांच्या ताळेबंदांवर लाल शाईने शेरे मारणाऱ्या माणसाने ही गोष्ट आजवर घरातही सांगितली नव्हती.

मी तीन सूचना लिहिल्या. पूर्ण रक्कम ठळक छापावी व किमान रक्कम तिच्याखाली. किमान रकमेशेजारीच त्या महिन्याचे व्याज रुपयांत दाखवावे. कशावर गुण नाहीत ते पहिल्याच पानावर सांगावे.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, सगळ्यांनी पूर्ण बिल भरले तर आम्ही कमवायचे कशावर?”

प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्यात ताईचे पैसेही होते. मी त्याला शिलाँगची हकीकत सांगितली. मग विचारले, “तुझ्या आईला हे कार्ड देशील?”

“देईन. पण पूर्ण बिल भर म्हणून बजावून.”

“मग ते बजावणे कार्डावरच छाप. प्रत्येकाच्या घरी सांगायला तू थोडाच जाणार आहेस?”

परवा त्याचा निरोप आला. पहिली सूचना मान्य झाली आहे. हिरवे बटण आता पूर्ण रकमेवर आहे. उरलेल्या दोन सूचना भागीदारांपुढे विचाराधीन आहेत. ‘विचाराधीन’ या शब्दाचा अर्थ या मासिकाच्या वाचकांना मी सांगावा असे नाही. तरी मी दर रविवारी भाच्याला त्यांची आठवण करून देतो.